फुकटच्या गाईचे दात

नवं कॅलेंडर घरात आलं की लोक आधी सुट्ट्या बघतात, बायको एकादश्या बघते आणि मी धोंड्याचा महिना शोधतो. यंदा आहे का, असला तर कोणता, दसऱ्याच्या आधी पडतो की नंतर. एवढं कळल्याशिवाय ते कॅलेंडर मला खिळ्याला अडकवता येत नाही. "आपल्याला ना मुलगी ना जावई, धोंडे कुणाला जेवू घालायचेत?" असं बायको दरवर्षी विचारते. मी दरवर्षी हसून वेळ मारून नेतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ही खोड सुटत नाही.

संपादकांनी विचारलं, लोक स्वतःचा वेळ घालून सॉफ्टवेअर लिहितात आणि ते जगाला फुकट वाटतात, असं का करतात? तुम्ही त्यातले, तुम्ही लिहा. त्यांना बहुधा ज्ञानदान, समाजसेवा असलं काहीतरी अपेक्षित असावं. तसलं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे एक धसका आहे, तोच सांगतो.

सिंदफणेच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी काँप्युटर विभाग सांभाळत होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. ते दिवस मोठे गमतीचे होते. बाहेरचा माल देशात यायला लागला होता, चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ झाले होते, आणि ज्या कारखान्यात टाइपरायटरची रिबन मागायला अर्ज करावा लागे तिथे एकदम चार काँप्युटर येऊन बसले. परळीच्या वाण्याचा मी मुलगा, कोर्स केलेला, म्हणून ते चार माझ्या गळ्यात पडले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ऊस पिकला की शेतकरी तोडतो आणि कारखान्यात नेतो. तसं नसतं. ऊस लावला की कारखान्याकडे त्याची नोंद करायची. ती नोंद घ्यायला कारखान्याचा माणूस बांधावर जातो, त्याला आमच्याकडे चिटबॉय म्हणतात, मग तो पन्नाशीचा का असेना. लागवडीच्या तारखेप्रमाणे यादी लागते, आणि यादीप्रमाणे तोडणीची टोळी फडात येते. टोळी लवकर आली तर उसात साखर भरलेली नसते. उशिरा आली तर उसाला तुरा फुटतो, आत पोकळी धरते, वजन घटतं. म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाच्या घामाचं काय होणार ते त्या एका तारखेवर. पूर्वी ही यादी वहीत असायची, आणि वहीतली नावं वरून फोन आला की खालीवर व्हायची. काँप्युटरची छापील यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लागायला लागली तेव्हा साध्या शेतकऱ्याला खरंच बरं वाटलं. यंत्राला काका-मामा नसतो, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो, जरा जास्तच मोठ्यानं.

अडचण अशी होती की आमचे बहुतेक शेतकरी तारीख सांगतच नसत. तुकाराम नावाचा आमचा सगळ्यात जुना चिटबॉय नोंदवही घेऊन यायचा. त्यात लिहिलेलं असायचं, 'घटाच्या तिसऱ्या माळेला', 'पोळ्याच्या कर दिवशी', 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी'. विकत आणलेलं सॉफ्टवेअर हे घेत नव्हतं. त्याला आकडे पाहिजेत. कंपनीचा माणूस म्हणाला, शेतकऱ्यांना तारीख सांगायला शिकवा. तुकाराम त्याच्याकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "सायेब, त्यांला शिकवन्यापरीस ह्या डब्ब्याला शिकवा की. त्यो एकटाच हाय."

मला ते पटलं. एका मासिकाबरोबर लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीची तबकडी फुकट आली होती, ती मी घरच्या मशीनवर चढवली होती. घर परळीला, थर्मल वीज केंद्राच्या राखेच्या टप्प्यात. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, जुनं धोतर काँप्युटरवर पांघरून ठेवलं नाही तर सकाळी कीबोर्डवर बोटानं नाव लिहिता यायचं. रविवारी ते धोतर बाजूला करून मी बसायचो. सणाचं नाव टाका, तारीख घ्या, असा छोटासा प्रोग्रॅम मी लिहिला. गेल्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवून सगळे सण भरले. पुढच्या वर्षांचं काय? दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघितली तर प्रत्येक सण अकराएक दिवस मागे सरकलेला. संक्रांत तेवढी जागच्या जागी. मी खूश. दरसाल अकरा दिवस मागे, असं एका ओळीत लिहून टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर चहा प्यालो.

प्रोग्रॅम कारखान्यात नेऊन यादीला जोडताना आणखी एक शहाणपणा केला. निघालेली तारीख पडद्यावर दाखवायचीच नाही असं ठरवलं. सण टाकला की तारीख आतल्या आत यादीत जाऊन बसेल. दिसायला सुबक वाटत होतं.

लिनक्सवाल्यांची पद्धत अशी की प्रोग्रॅमचा मूळ मजकूर उघडा ठेवायचा. कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. मीही सायबर कॅफेत जाऊन माझा प्रोग्रॅम इंटरनेटवर मांडून टाकला, खाली माझं नाव आणि पत्ता. अप्पांना सांगितलं. अप्पा स्टेशन रोडच्या दुकानात गादीवर बसले होते.

"फुकट? कामून रे?"

"लोकांच्या उपयोगी पडेल, अप्पा."

"लोकाच्या उपेगी पडायला दुकान हाय की." मग म्हणाले, "वैजू, एक ध्यानात ठिव. इकलेल्या मालाची जबाबदारी गिऱ्हाईक घरी जाईस्तोवर. फुकट दिलेल्या मालाची जलमभर."

मी मनात म्हटलं, वाण्याची बुद्धी. खरं कारण मी अप्पांना सांगितलं नव्हतं, ते इथे सांगतो. मला मिरवायचं होतं. कारखान्यात माझं काम कुणाला कळत नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की बोलवायचे तेवढंच. आणि इकडे अनोळखी माणसं पत्र लिहून 'तुमचा प्रोग्रॅम वापरतो, छान आहे' म्हणायची. ती पत्रं मी फाइल करून ठेवली होती. त्यातलं एक बालाघाटाच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं होतं. त्यांच्याकडच्या वाडीवस्तीवरच्या बायका बाळाची जन्मतारीख सणावरून सांगत. डॉक्टरांनी माझा प्रोग्रॅम घेऊन त्यावर लसीकरणाची यादी बसवली होती. हे पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. ऊस लावल्याचा दिवस काढायला केलेलं लेकरांच्याही कामी आलं, म्हणून छाती फुगली.

दोन हंगाम सुरळीत गेले. तिसऱ्याला, डिसेंबरात, टोळीचा मुकादम तणतणत ऑफिसात आला. "सायेब, ती सरूबाई फडाच्या तोंडाला बसलीय. कोयता लावू देईना."

आमच्या ऑफिसात रोज भांडणं व्हायची, पण ती 'माझी पाळी आधी लावा' म्हणून. पाळी आली आणि नको म्हणते, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. मी मोपेड काढली, मागे तुकाराम. वाटेत मी त्याला समजावत होतो की म्हातारीचा काहीतरी गैरसमज झालाय, यादी चुकणं शक्य नाही.

सरूबाई साठीच्या, एकटीनं तीन एकर कसणाऱ्या. बांधावर पदर खोचून बसल्या होत्या. समोर टोळीच्या बायका-माणसं कोयते घेऊन उभी.

मी म्हटलं, "मावशी, तुमची लागवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. तुमच्याच तोंडची नोंद आहे. दिवस भरलेत."

"कुटं भरलेत? महिना हाय आजून. कवळा हाय ऊस."

"यंत्र चुकत नाही, मावशी."

त्यांनी एक ऊस मोडला, वरचं कांडं माझ्या हातात दिलं. "खाऊन बघा."

खाल्लं. पानचट होतं. तरी मी हटलो नाही. तारीख, तारीख म्हणत राहिलो. तेव्हा त्या मला लहान पोराला सांगावं तसं सांगायला लागल्या.

"ऐका, दादा. त्या साली पितरं झाली. मग धोंड्याचा महिना लागला. जावयाला बलवून धोंडे जेवू घातलते म्या, त्याला टोपी बी केलती. महिना सरला, मग घट बसले, मग दसरा आला. आन् दुसऱ्या दिशी बेणं लावलं. तुमच्या मिशनीनं जावई जेवू घातला का न्हाई?"

टोळी हसली. तुकाराम हसला नाही, तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडातला ऊस तोंडातच राहिला. दरसाल अकरा दिवस मागे. पण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि सगळे सण धरून पुढे आणून बसवतो. हे मला माहीत नव्हतं का? त्या वर्षी दसऱ्याला मी स्वतः आपट्याची पानं वाटली होती, ऑक्टोबर संपत आला होता. माझा प्रोग्रॅम मात्र सप्टेंबरातच सीमोल्लंघन करून मोकळा झाला होता. आणि नुसतं त्या एका सालचं नाही. त्याच्या पुढचा प्रत्येक पाडवा, प्रत्येक पोळा, प्रत्येक दिवाळी महिनाभर आधी. तारीख पडद्यावर दिसत असती तर कुणीही बोट दाखवलं असतं. ती मीच झाकून ठेवली होती.

"टोळी परत न्या," मी मुकादमाला म्हणालो.

ऑफिसात आल्यावर तुकारामनं कुणाला न विचारता बाकीच्या गटांतल्या चिटबॉयना निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या नोंदवह्या घेऊन हजर. हे त्यांचं काम नव्हतं, हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जमिनीवर फतकल घालून एकेक नाव वाचायचं, सण बघायचा, खरी तारीख लावायची. आमच्याकडे एखाद्याची पेर अडली की गावातले लोक आपापले बैल घेऊन येतात आणि एका दिवसात रान हातावेगळं करून देतात, त्याला इर्जिक म्हणतात. मजुरी नाही, ज्याचं रान त्यानं जेवू घालायचं. मी कॅन्टीनमधून भजी-पोळ्या मागवल्या तेव्हा तुकाराम म्हणाला, "ह्ये इर्जिकच झालं म्हना की." दिवस मावळायच्या आत यादी सुधारली.

पण काही फड त्याआधीच पडले होते. कवळे कापले गेले ते एक, आणि ज्या शहाण्या लोकांनी इंग्रजी तारीख बरोबर सांगितली होती ते त्यांच्यामागे ढकलले गेले, त्यांच्या उसाला तुरे आले. त्यातला एक शेतकरी पुढे मला माजलगावच्या स्टँडवर दिसला की तोंड फिरवायचा. मी कधी त्याच्याजवळ जाऊन बोललो नाही. बोलायला हवं होतं.

यादी सुधारत असतानाच, भज्याचा घास हातात असताना, मला ते पत्र आठवलं. आरोग्य केंद्र. लसीकरणाची यादी.

गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर टोचतात. आधी टोचली तर ती धडपणे धरत नाही, एवढं त्या पत्रातच डॉक्टरांनी लिहिलं होतं. गुढीपाडव्याला जन्मलेलं पोर माझ्या हिशेबानं महिन्यानं मोठं झालेलं. म्हणजे आत्ता, याच आठवड्यात, आठ महिन्यांच्या लेकरांना सुई टोचत असतील, आई निश्चिंत होऊन घरी जात असेल, आणि पुढे कधीतरी त्या वाडीवर गोवर आला की... ऊस वाळला तर पुढच्या साली पुन्हा लावता येतो.

बूथवर जाऊन फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, लाइन मेली. पोस्टात जाऊन तार केली: 'यादी वापरू नका, तारखा चूक.' तारबाबूनं दोनदा वाचली आणि माझ्याकडे संशयानं बघितलं. पत्रात लिहिलं होतं, आमच्याकडे दर बुधवारी लसीकरण असतं. आज मंगळवार होता. शिवाय मला पत्र लिहिणारे हे एक. न लिहिता घेऊन गेलेले किती, कुठे, कशासाठी, कुणाच्या कोणत्या तारखा त्यावर ठरत होत्या, काहीच ठाऊक नव्हतं. विकलं असतं तर गिऱ्हाइकांची नावं तरी असती. जलमभर, अप्पा म्हणाले होते.

बुधवारी पहिल्या गाडीनं निघालो. गाडी बदलली, घाट चढताना गाडीनं दम खाल्ला तेव्हा खाली उतरून ढकलायला मीच पुढे. दुपारी केंद्राच्या दारात पोचलो तर ओट्यावर बायका लेकरं घेऊन ओळीनं बसलेल्या. आतून एक पोर टाहो फोडत होतं. मी सरळ आत घुसलो.

"थांबा! ती यादी चुकलीय."

डॉक्टर माझ्यापेक्षा तरुण निघाले. सुई खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आपण?"

मी नाव सांगितलं. धोंड्याचा महिना, अकरा दिवस, सरूबाई, सगळं एका दमात ओतलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तुम्ही आधी बसा. आमची यादी बरोबर आहे. मी दुरुस्त केली ती, वर्ष झालं."

"कशी कळली?"

"माझीच मुलगी दिवाळी पाडव्याची आहे ना. यादीत तिची तारीख महिनाभर आधीची. म्हटलं, माझ्या मुलीचा जन्म तरी मला माहीत आहे! मग तुमचा मजकूर उघडून वाचला. अधिक महिन्यांचं कोष्टक पंचांगावरून भरलं, दोन ओळी बदलल्या. झालं."

रडूही येत होतं आणि हसूही. एकाही लेकराला चुकीच्या दिवशी सुई लागली नव्हती. मग, जरा सावरल्यावर, दुसरं काहीतरी वर आलं.

"डॉक्टर, वर्ष झालं. मला कळवलं का नाहीत?"

ते ओशाळले. "पत्र लिहायला घेतलं होतं. मग बरं वाटेना. तुम्ही इतकं कष्टानं केलेलं, तेही फुकट दिलेलं, त्यात खोट काढायची म्हणजे... फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात ना."

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्यात हाच शिष्टाचार. लग्नात मिळालेला तांब्या गळका निघाला तरी देणाऱ्याला सांगायचं नाही. त्यांच्या सभ्यपणापायी इकडे फड कवळे पडले, आणि त्यांना दोष देण्याची सोयही नव्हती. तारखा मी झाकल्या होत्या, मिरवण्यापायी. त्यांनी मला जेवायला वाढलं. हात धूत होतो तेव्हा पोस्टमन माझी तार घेऊन आला.

परत आल्यावर डॉक्टरांचं कोष्टक घातलं, तारीख ठळक पडद्यावर आणली. मजकुराच्या अगदी वर एक ओळ लिहिली: 'ही गाय फुकटची आहे. दात मोजा आणि मला कळवा.' खाली मदत करणाऱ्यांची नावं लिहायची रीत असते. तिथे डॉक्टर, तुकाराम, आणि पहिलं नाव सरूबाईंचं. मग ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्यांना पत्रं टाकली, प्रत्येकाला चूक सांगितली. अशी पत्रं लिहिताना हात जड होतो. काहींनी उत्तरं दिली, काहींनी नाही. जे उत्तर देत नाहीत त्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्याबरोबर निवृत्त झालेला नाही.

त्यानंतर एका वर्षानं कुठल्यातरी परमुलखातल्या अनोळखी माणसाचा मेल आला. आमची भाषा त्याला येत नव्हती, मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. आमच्या अधिक महिन्याचं गणित त्यानं कुठून कुठून शोधून काढलं होतं. डॉक्टरांचं कोष्टक आणखी काही वर्षांनी संपणार होतं, ते त्याच्या नजरेला आलं. म्हणून त्यानं कोष्टकाऐवजी असा हिशेब लिहून पाठवला होता की धोंड्याचा महिना यंत्र आपलं आपणच काढील. शेवटी विचारलं होतं, ह्या सरूबाई कोण, त्यांनी एकदा तपासून द्यावं.

मी कागदावर पुढच्या वर्षांच्या तारखा छापून नेल्या. सरूबाई उसाला पाणी देत होत्या. सरीसरीत पाणी वळवायला दारं मोडता मोडता त्यांनी एकेक साल माझ्याकडून वाचून घेतलं. धोंडा कोणत्या महिन्यात, मग घट कधी. आठवतील तितकी मागची सालं बोटांवर घोळवून बघितली, आणि म्हणाल्या, "बराबर हाय. कुनी केलं ह्ये?"

"लांबचा आहे कोणी. आपला नाही."

"त्याच्याकडं ऊस हाय?"

"नसावा."

"मंग जावई?"

"ते माहीत नाही, मावशी. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पगार नाही, काही नाही. मलाही कळत नाही त्यानं का केलं ते."

सरूबाईंनी खोऱ्यानं माती ओढून दारं बंद केलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

"त्यात काय कळायचंय," त्या म्हणाल्या. "चूक दिसली आसंल त्याला. दिसल्यावर घोर लागतोय, दादा. तुमी न्हाई का दवाखान्याकडं पळत गेलता?"